एकदा वाजलं तर थांबायचं

भिंत पहिल्यांदा वाजली तेव्हा सिस्टरने करवत फळीत अडकलेली तशीच सोडली आणि आतल्या खोलीत धाव घेतली. तिला वाटलं, बाबा पलंगावरून घसरले.

बाबा होते तिथेच होते. उताणे, छताकडे तोंड करून. अकरा महिन्यांपूर्वी उजवं अंग गेलं होतं आणि त्याच दिवशी वाचाही. डावा हात मात्र शाबूत. त्या हाताची मूठ भिंतीला टेकली होती.

"काय झालं? पाणी हवंय?"

नाही, बाबांनी मान हलवली.

"कूस बदलू?"

नाही. त्यांची नजर तिच्या हातांवर होती. हात भुशाने माखले होते.

"आवाजाचा त्रास होतोय? बरं बाबा, बंद करते."

बाबांनी डोळे मिटून घेतले, अगदीच ढ मुलापुढे मास्तर मिटतात तसे. मग हवेत हात पुढे-मागे केला, करवत चालवल्यासारखा, आणि मनगट जरा बाहेर झुकवलं. पुन्हा तेच केलं, पण या वेळी मनगट सरळ ठेवलं.

सिस्टर मागच्या खोलीत परत आली. काप खरोखरच पेन्सिलीची रेघ सोडून बाहेर भरकटला होता. बाबांना तो दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये विटांची भिंत होती. नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं.

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. सव्वीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढलेली बाई. कितीही बारीक शीर असो, सुई घालताना तिचा हात कापत नसे. करवत धरली की मात्र लटपटायचा. पण गरजच तशी पडली होती. बाबांना पलंगावर टेकवून बसवायचं, तर पाठीला टेकण हवं होतं. बाजारात मिळणारी टेकणं त्यांच्या पलंगाला बसेनात. पलंग त्यांनी स्वतः केलेला, नेहमीच्या मापापेक्षा अरुंद. सुताराला बोलावू म्हटलं, तर बाबांनी डावा पंजा असा काही झटकला की तो विषयच संपला. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून मिरवलेल्या माणसाच्या घरात दुसरा सुतार येणार? शेवटी सिस्टरनेच मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली.

लहानपणी त्या पेटीला तिने हात लावला की बाबा ओरडायचे, "बोटं जातील! बोटं गेलेल्या मुलीला कोण विचारणार?" स्वतःच्या डाव्या तर्जनीचं एक पेर यंत्राने कधीच खाल्लं होतं, त्याचं काही नाही. धाकट्या भावाला मात्र त्यांनी समोर बसवून शिकवलं. तो दोन वर्षांत कंटाळला आणि विम्याच्या ऑफिसात चिकटला.

आता भिंतीतून शिकवणी सुरू झाली. एकदा वाजलं तर थांबायचं, दोनदा वाजलं तर चालू दे. ड्यूटीवरून आली की सिस्टर पदर खोचून मागच्या खोलीत जायची. रंधा उलटा फिरला, लाकूड फरफरू लागलं, की टक. तिने फळी फिरवून घेतली की टकटक. पटाशीने खाच पाडताना हातोडीचा घाव जोरात बसला की टक, आणि ती स्वतःशीच पुटपुटायची, "हो हो, कळलं."

मग एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. भिंत चूक होण्याआधीच वाजू लागली होती. एकदा तिने पटाशी नुसती उचलली होती, लाकडाला टेकवलीही नव्हती. टक. तिने खाली पाहिलं, तर डावा अंगठा नेमका धारेच्या वाटेत. तिने पटाशी खाली ठेवली.

ती आत गेली. "बाबा, हे तुम्हाला कसं कळलं?"

बाबा घोरत होते. मूठ मात्र भिंतीलाच.

झोपेतही कान जागे असतील, तिने स्वतःची समजूत घातली. वॉर्डात तिने कमी नवलं पाहिली होती का?

टेकण पुरं व्हायचं त्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी नऊला तिने बाबांची दाढी केली, चमच्याने चहा पाजला, डावा हात छातीवर ठेवून चादर नीट ओढली.

"आज दुपारी बसून जेवायचं. खिडकीतून रस्ता बघत. काय?"

बाबांनी चादरीतून हात काढला आणि तिची बोटं एकेक करून चाचपली. आधी एका हाताची, मग दुसऱ्याची. दहाही. मग हात पुन्हा चादरीत घेतला आणि डोळे मिटले.

त्या दिवशी काम असं झरझर झालं की तिचं तिलाच खरं वाटेना. आडव्या पट्ट्या खाचांत बसत गेल्या आणि भिंत दर वेळी दोनदा वाजत गेली. शेवटची पट्टी तेवढी अडून बसली. तिने हातोडी उगारली. टक. तिने हातोडी खाली ठेवली, पट्टीचं टोक पटाशीने केसभर तासलं, पुन्हा लावलं. नुसत्या तळहाताच्या दाबाने पट्टी आत गेली.

टकटक.

घड्याळात पाऊण वाजला होता. सिस्टरने साऱ्या कडा हाताने चाचपून पाहिल्या, टेकण पुसलं आणि दोन्ही हातांत धरून ती आत गेली.

"बघा तरी, मिस्त्री. पास की नापास?"

त्यांना उठवायला तिने मानेखाली हात घातला आणि जागीच थांबली. मान वाकत नव्हती. जबडा घट्ट मिटला होता. डावा हात छातीवर, चादरीच्या आत. चादरीला एक सुरकुती नव्हती.

गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, चष्मा काढला. "झोपेतच गेलेत, सिस्टर. तीन तास तरी झाले असतील."

"तीन?"

"तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. "हो," ती म्हणाली. तिच्या बाहीवरून उशीवर भुसा सांडला होता, तो तिने हलकेच टिपून घेतला.

भिंतीचं तिने कोणाला सांगितलं नाही. टेकण तिने वॉर्डात नेलं. तिथल्या बारा नंबरच्या आजोबांना ते इतकं मानवलं की मोठ्या सिस्टरने आणखी एक मागितलं.

पंधरा दिवसांनी भाऊ आला. मागच्या खोलीत पेटी उघडीच होती.

"ही मी नेतो, ताई. बाबांची आठवण म्हणून हॉलमध्ये ठेवीन."

"मला लागते ती."

"तुला?" तो हसला. टेबलावर आवळून ठेवलेली फळी त्याला दिसली. "हे तू कापणार? बाजूला सर, मी दाखवतो. दोन वर्षं घासलीय मी. हात विसरत नाही."

त्याने बाह्या सारल्या, करवत घेतली. चार-पाच हेलकावे झाले असतील. टक.

भाऊ थांबला. "आत कोण आहे?"

"कोणी नाही."

तो आत जाऊन आला. पलंगावरची गादी गुंडाळलेली, खिडकी बंद. "पाइप वाजत असेल," तो म्हणाला.

"त्या भिंतीत पाइप नाही."

त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पुन्हा करवत ओढली. या वेळी भिंत इतक्या जोरात वाजली की गिलाव्याची कपची निखळून खाली पडली. भावाच्या हातातून करवत सुटली. त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला, बरोबर टाळूवर.

"इथं मारायचे ते मला," तो हळूच म्हणाला. "पेराच्या थोट्याने. रेघ सोडली की एक टक. तोंडाने एक शब्द नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "ताई, हे कधीपासून?"

"चहा टाकू?"

तो चहाला थांबला नाही. चपला घालताना डावी कुठली, उजवी कुठली हेही त्याला कळेना. पेटीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

सिस्टरने दार लावून घेतलं आणि फळीकडे पाहिलं. भावाचा काप रेघेच्या चांगला बाहेर गेला होता. तिने चार बोटं आत नवी रेघ मारली आणि करवत लावली. हात लाकडावर, पण सगळं लक्ष भिंतीकडे. अर्धी फळी झाली. पाऊण झाली. तुकडा सुटून फरशीवर पडला.

भिंत एकदाही वाजली नाही. ना थांब म्हणून, ना चालू दे म्हणून.

"बाबा?" तिने हाक मारली. झोपलेल्या माणसाला मारावी, तशी हळू.

ती आतल्या खोलीत गेली. जिथे मूठ टेकायची तिथे रंग जाऊन गोल काळसर डाग पडला होता. त्यावर तिने तळहात ठेवला. भिंत गार होती, कुठल्याही भिंतीसारखी.

परत येऊन तिने पेटीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला, कापलेल्या कडेला लावला आणि फळी खिडकीकडे धरली. लोखंड आणि लाकूड यांच्यामधून उजेड कुठूनही येत नव्हता. हात भरून आले तरी तिने फळी खाली ठेवली नाही.