काळ्या पातेल्यातलं लोणी

केकसाठी लोणी तांबूस करायला अक्कल लागत नाही, नाक लागतं, असं ठिणगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि लगेच वहिनीकडे बोट दाखवायची, "हे बघा, हे आमच्या धंद्याचं नाक!" त्यावर वहिनी हसून म्हणायची, "म्हणजे अक्कल तेवढी तुझी, असंच ना गं?"

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून कुठे खुट्ट झालं की ही पेटलीच, म्हणून घरादाराने तेच लावून दिलं होतं. वहिनी ही तिच्या थोरल्या भावाची बायको. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात ना? या दोघींचं असं मेतकूट जमलं होतं की भाऊ म्हणायचा, मी आपला मध्ये ओळख करून देण्यापुरता होतो. ठिणगीच्या स्वयंपाकघरात दोघींनी केकचा धंदा थाटला होता. गिऱ्हाईक, फोन, सजावट, घासाघीस सगळं ठिणगीकडे. लोणी आणि ओव्हन वहिनीकडे.

वहिनीची पद्धत बघण्यासारखी होती. लोणी मंद आचेवर चढवायचं आणि चक्क त्याच्याकडे पाठ करून मैदा चाळत बसायचं. लोणी वितळायचं, तडतडायचं, फेसाळायचं, मग तडतड हळूहळू मंदावायची. तेव्हा तळाला बसलेले दुधाचे कण भाजायला लागतात आणि भाजलेल्या बदामासारखा वास सुटतो. त्याआधी उतरवलं तर नुसतंच पातळ लोणी, जरा उशीर झाला की कडूजहर. वहिनी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात उठायची आणि पातेलं गार वाडग्यात ओतायची, तळाचे तांबूस कण चमच्याने खरवडून घेऊन. कधी म्हणून चुकली नाही. तिच्या भरवशावरच तर ठिणगीने जुनं स्टीलचं पातेलं माळ्यावर टाकून जाड बुडाचं काळं आणलं. काळ्यात लोण्याचा रंग दिसत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण रंग बघतंय कोण!

मग मध्येच वहिनीला ताप येऊन गेला. साधाच ताप. बरी होऊन ती कामाला लागली आणि लोणी बिघडायला लागलं. कधी कच्चं, कधी करपलेलं. ठिणगीने एकदोनदा पोटात घातलं. वहिनी आता पाठ करून बसत नव्हती, पातेल्यावर ओणवी होऊन बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "ते जुनं स्टीलचं पातेलं काढूया का गं?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," ठिणगी म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

त्यानंतर कॉफीच्या दुकानाचं प्रकरण झालं. दुकानदार रोज केक घेणार होता, ठिणगीने त्याच्यामागे लागून लागून त्याला राजी केलं होतं. नमुन्याची पहिली खेप गेली आणि तशीच्या तशी परत आली. "ताई, कडू लागतात हो," तो म्हणाला. बिचारा हळू आवाजात म्हणाला, तेच ठिणगीला जास्त लागलं. घरी येऊन तिने खोकी टेबलावर आदळली आणि वहिनीकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून लोण्याचं मी बघते. तू खोकी बांध."

वहिनीचा चेहरा उलट जरा सैलावला. ते पाहून ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. घ्या! म्हणजे हिला सुटल्यासारखंच झालं की! पुढे वहिनी नेमाने यायची, खोकी बांधायची, फिती सरळ ओढायची. मग एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी पाठ दुखते असा निरोप आला. नंतर निरोपही येईना.

ठिणगीने आधी ताठा धरला. येईल, नाक मुठीत धरून येईल. लोणी ती स्वतः करायला लागली, दोनचारदा हात पोळले, पण जमलं. कॉफीवाला परत आला. धंदा चांगला चालला होता हो, खोटं कशाला बोला. पण अर्ध्या वाक्यात उठून जाणारं कोणी नव्हतं, कारण वाक्य बोलायलाच कोणी नव्हतं. शेवटी एका रविवारी तिने ताजा केक खोक्यात भरला आणि वहिनीला परत आणायचंच असं ठरवून तिच्या घरी निघाली.

जिन्यातच करपल्याचा वास आला. ठिणगी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी खिडकीशी बसून कुणाच्यातरी कोटाला बटण लावत होती, आणि तिच्या पाठीमागे ओट्यावर भाजीचं भांडं धुमसत होतं. ठिणगीने आधी गॅस बंद केला.

"अगं वहिनी, लक्ष कुठे आहे तुझं? खाली जिन्यापर्यंत वास येतोय!"

वहिनीने वळून भांड्याकडे पाहिलं. "येतोय का?" तिने विचारलं.

ठिणगी जागच्या जागी उभी राहिली. "किती दिवस झाले?"

"त्या तापापासून." वहिनीने भांडं उचलून नळाखाली धरलं. "गोड-खारट कळतं. वास मात्र नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही परत. नाहीही येणार."

ठिणगीला ते स्टीलचं पातेलं आठवलं. निदान रंग तरी दिसावा म्हणून ही मागत होती, आणि आपण तिच्या तोंडावर म्हण फेकली. जीभ झडली कशी नाही तेव्हा!

"मला सांगायचंस ना गं! मी काय परकी होते?"

"आधी भीतीच वाटली. त्या धंद्यात माझं होतं काय? तेवढंच." वहिनीने नळ बंद केला. "मग तू म्हणालीस, खोकी बांध. मला वाटलं तुला कळलं. वाटलं, हिने ओळखलंय, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून काही न विचारता बाजूला घेतलंय. तुझ्या दादाला म्हटलंसुद्धा मी, पाठची बहीण असती तरी एवढं जपलं नसतं तिने."

ठिणगीने केकचं खोकं हातातून खालीही ठेवलं नव्हतं.

"मग एकदा तू फोनवर होतीस. त्या कॉफीवाल्याशी. मी आतल्या खोलीत फीत कापत होते."

आपण काय बोललो होतो ते ठिणगीला शब्दन् शब्द आठवलं. घरचं माणूस आहे हो, काढता येत नाही. कामात मन नाही तिचं. खोकी बांधायला ठेवलंय, तेवढं जमतं तिला.

"वहिनी, अगं मी रागाच्या भरात..."

"तुझा राग मला काय नवा आहे?" वहिनी शांतपणे म्हणाली. "रागात असतीस तर मी दोन दिवसांत विसरले असते. तू हसत होतीस."

ठिणगी तरीही बोलतच राहिली. चुकलं म्हणाली, रडली, परत ये म्हणाली, वासाचं मी बघते, तू फक्त समोर बस म्हणाली. वहिनीने तिला पाणी दिलं. शेजारच्या शिंप्याकडे काजं-बटणांचं काम धरलंय, म्हणाली, तिथे नाक लागत नाही. मग तिने बशा काढल्या, केक कापला आणि आपल्या तुकड्याचा एक घास खाल्ला.

"छान झालाय," ती म्हणाली.

ठिणगी निघाली तेव्हा वहिनी उठून तिला दारापर्यंत सोडायला आली. एवढ्या वर्षांत ती कधी आली नव्हती. ठिणगी आपली आपण दार ओढून घ्यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, निघाले गं.