एक दिशा, एक मित्र

परराष्ट्र खात्यात चिकटल्यापासून मोहाउसाहेबांचं एकच दुखणं होतं: देशाला धोरण नाही. पूर्वेचा पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर मानाचं ब्लँकेट घालायचं, पश्चिमेचा आला की त्याच्याही. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं ते चहाच्या वेळी म्हणत आणि ऐकणारे बिस्किट बुडवत.

मग नवे मंत्री आले. त्यांना परदेशात कोणीतरी विचारलं होतं, तुमचं महाधोरण काय? मंत्री नुसते हसले आणि पाणी प्यायले. पुन्हा तशी वेळ नको म्हणून त्यांनी मोहाउसाहेबांना बोलावलं. साहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी लिहिलं, एक दिशा, एक मित्र. मित्र पश्चिमेचा. मंत्रिमंडळानं टाळ्या वाजवल्या. पूर्वेच्या वकिलातीला साहेबांच्याच सहीनं कळवलं गेलं की आभारी आहोत, आता आपण निघावं. बक्षीस म्हणून साहेबांना राजदूतपद मिळणार असं ठरलं, आणि ते आईला सांगायला गावी निघाले.

डोंगरात पीच फुलले होते. रस्ता नदीशी संपला. पात्रात पुलाचे खांब उभे होते आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. खांब पश्चिमेच्यांनी बांधून दिले होते आणि ते घरी गेले होते. वरचा भाग पूर्वेचे टाकणार होते, आणि काठावर त्यांचे लोक सामान ट्रकमध्ये भरत होते. साहेबांच्या सहीचं पत्र इथवर पोहोचलं होतं. दवाखाना अलीकडे, गाव पलीकडे. याच नदीच्या पुरात त्यांचे वडील होडीसकट गेले होते, आणि आई अजून त्याच घाटावरून होडीनं रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जात होती.

होडीतून ते पलीकडे उतरले तेव्हा गावसभा भरलीच होती. सभेत बोलणाऱ्याला शिक्षा नाही, हा तिथला जुना कायदा, त्यामुळे सगळेच एकदम बोलत होते. गावाच्या प्रमुख, म्हणजे तिथल्या भाषेत मोरेना, मासेन्ते शाळेत साहेबांच्या वर्गात होत्या.

"आलास? बरं झालं," त्या म्हणाल्या. "मोहाउ, तू त्या मोठ्या कचेरीत बसतोस. हा गाढवपणा कुणाचा, तेवढं शोधून सांग."

"मोरेना, त्यामागे एक व्यापक विचार आहे."

"विचार व्यापक, मग पूल का असा लटकलेला?"

"देशाला कायम दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही."

"अरे बाबा, पूल आणखी काय करतो?" मागून एक म्हातारा ओरडला आणि सभा हसून लोळली.

आई हसली नाही. "तूच लिहिलंस ना रे?" तिनं विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. "हो, आई. मीच."

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मग निस्तरायलाही तूच जा," मोरेना म्हणाल्या. "माझा तांबडा बैल घेऊन जा त्या पूर्वेच्या लोकांकडे."

"जुन्या राजानंसुद्धा हरून परतणाऱ्या शत्रूला बैल पाठवले होते," एकजण अभिमानानं म्हणाला. "तो शत्रू पुन्हा फिरकला नाही!"

"गप रे, आपल्याला हे परत यायला हवेत," मोरेना खेकसल्या. "राजाचं राजाला माहीत. ह्या बैलाचं एक शिंग मोडलंय, नांगराला तो उभा राहत नाही. आणि त्यांच्या कुत्र्यानं माझ्या कोंबड्या खाल्ल्या तेव्हा मी त्यांच्या इंजिनियरला नाही नाही ते बोलले. तेही मिटेल."

"पण मोरेना, माझ्याच सहीनं त्यांना जायला सांगितलंय!"

"मग तुझ्याइतका ओळखीचा माणूस कुठून आणू?"

होडीमागे बैल पोहत आला. भावी राजदूत चिंब पँटीनं, हातात दावं धरून, छावणीत उभे राहिले. इंजिनियरनं बैलाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"आपल्या सरकारचं धोरण बदललं का?"

भाषणं करायची साहेबांना सवय होती. त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. "माझी आई पलीकडे राहते," ते म्हणाले. "पूर यायच्या आत तिला पूल हवा."

इंजिनियरनं बैलाचं मोडकं शिंग चाचपून पाहिलं. "आमच्या राजधानीतही कोणा हुशार माणसानं लिहून ठेवलंय," तो म्हणाला, "की जिथं आपण नको तिथं एक खिळाही ठोकायचा नाही. तेव्हा मी त्यांना एवढंच कळवतो, की रस्ता खचलाय, ट्रक निघत नाहीत. काम होईपर्यंत खचलेलाच राहील. पण तुमच्या वरच्यांना कळलं तर?"

साहेबांनी दावं त्याच्या हातात दिलं.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "आमच्याकडे ह्या कचेरीचं त्या कचेरीला कधीच कळत नाही." आणि देशाबद्दल इतक्या अभिमानानं ते आजवर कधी बोलले नव्हते.