शिट्टीची दोरी

मला नसत्या चौकशांची खोड आहे. चालू मिक्सरसुद्धा मी उघडून बघते, असं आमच्या घरी म्हणतात आणि ते खोटं नाही. त्यामुळे २००४ च्या जूनमध्ये पुण्याहून मागवलेलं दोरीचं बंडल आलं, तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर कात्रीनं एक टोक कापून आत काय आहे ते बघितलं.

बाहेरून ती बुटाच्या नाडीसारखी, जरा गुबगुबीत. आत सात पांढरे धागे, सुटे. त्यातला प्रत्येक धागा पुन्हा तीन बारीक पदरांचा. ही पॅराशूटची दोरी, दोन माणसं लोंबकळली तरी तुटायची नाही, असं विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. शिट्टी गळ्यात अडकवायला एवढी भक्कम दोरी लागते का, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मला लागत होती.

मी राजारामपुरीतल्या एका मुलींच्या शाळेत कार्यानुभव शिकवायची. दर जुलैला आम्ही बारा बायका पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जायचो आणि पुढारपण माझ्याकडे असायचं. आदल्या वर्षी धुक्यात आमची सुष्मिता वाट चुकली. शिट्टी तिच्याजवळ होती, पण सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली, पिशवीत गाठ मारून ठेवलेली. गारठलेल्या बोटांनी ती गाठ काही सुटली नाही. चार तासांनी एका वाडीतल्या माणसांनी तिला आणून सोडलं. शिट्ट्या मीच वाटल्या होत्या आणि कुठं ठेवायच्या ते सांगायला विसरले होते. चूक माझी होती.

तिच्या सासूबाई शांतव्वा निपाणीकडच्या. त्या मला दारातच म्हणाल्या, "सून माघारी आणून दिलासा, उपकार झालं. पुन्यांदा मागायला येऊ नका."

सुष्मिताचा नवरा शशिधर कागलच्या एमआयडीसीत पाळीला जायचा आणि ती दिवसभर घरात. "बाई, त्या दोन दिवसांवर माझं अख्खं वरीस निघतंय," असं ती मला एकदा म्हणाली होती. तेव्हा मी ठरवलं की यंदा शिट्ट्या गळ्यात, त्याच्या दोऱ्या आपणच सगळ्यांनी बसून करायच्या आणि शांतव्वांनाही बोलवायचं. त्या नुसत्या बघायला आल्या तरी पुष्कळ, एवढीच माझी अपेक्षा होती.

शनिवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. बारा जणी, चार कात्र्या, टोकं वितळवायला मेणबत्ती. जळक्या नायलॉनचा वास आणि बोटं भाजल्याची कुरकुर. शांतव्वा आल्या खऱ्या, पण खुर्चीत बसून राहिल्या. दोन पदर आळीपाळीनं एकमेकांवरून घ्यायचे, एवढी साधी वीण, तरी कुणाची डावीकडे पिळवटत होती, तर कुणाची मध्येच फुगत होती.

"आत किती पदर म्हणलासा?" खुर्चीतून प्रश्न आला.

"सात. आणि एकेकात तीन."

शांतव्वा खाली उतरल्या. दोरीचं कापलेलं टोक त्यांनी चष्म्याजवळ नेलं, धागे मोजले, एक धागा उलटा पिळून बघितला. "कुणी वळलं असंल हे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, यंत्रानं. त्यांना ते पटलं नसावं.

मग मलाच राहवेना. "तुम्ही वळता का दोरा?"

"आमी शिवदार वळतो की." गळ्यातलं इष्टलिंग ज्या दोऱ्यात असतं, तो शिवदार. लहानपणापासून, आईच्या हाताखाली, त्यांनी घरातल्या सगळ्यांचे वळले होते. "अव्वानं शिकिवलं. गळ्यातला दोरा जलमभर सुटाय नगो, तुटाय नगो. गाठ कुटं हाय ती मारणाऱ्यालाबी घावाय नगो."

त्यांनी तासाभरात एक दोरी केली. टोकं विणीच्या आत अशी सारली की मी भिंग घेऊन शोधली तरी सापडेनात. मग मला हुक्की आली. झोपाळा काढून त्याच्या कडीला ती दोरी अडकवली आणि खाली भरलेला गॅसचा सिलिंडर टांगला. सिलिंडर सावकाश गोल फिरत राहिला आणि दोरीचा एक धागा हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. शांतव्वा पाच मिनिटं बघत उभ्या होत्या.

"न्हाय तुटत," त्या म्हणाल्या. "जाऊ दे पोरीला."

सुष्मिता चहा टाकते म्हणून माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या उसवून शांतव्वांसारख्या करायला घेतल्या. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पाच वाजता तानाबाई दूध घेऊन आली. साठीची, घरात चार म्हशी, बोलणं सडेतोड. किटली दारात ठेवून ती आत डोकावली. "म्हशींच्या तोंडाच्या म्होरक्या करतासा व्हय?" तिनं एक दोरी उचलली, दोन्ही हातांनी ताणली, फिरवून फिरवून बघितली. "ही सुटती कुटं?"

"सुटतच नाही, तीच तर गंमत आहे," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या सुष्मिताला तानाबाईनं खिडकीशी उभं केलं, दोरी तिच्या गळ्यात घातली आणि मागची बाजू खिडकीच्या कडीत अडकवली. "आता पाय घसरल्यावानी खाली बस."

सुष्मिता हसत गुडघ्यांत वाकली आणि दोरी तिच्या जबड्याखाली रुतली. तिचे दोन्ही हात गळ्याशी गेले, पण बोट आत शिरेना. टाच फरशीवर घासायला लागली. दोन सेकंदांचं काम, तानाबाईनं लगेच तिला काखेत धरून उचललं. तरी गळ्यावर लाल रेघ उठलीच.

"माजी कालवड अशीच गेली, करवंदीच्या जाळीत," तानाबाई म्हणाली. "आमच्या दादल्यानं नवंकोरं दावं केलतं, लई मजबूत. तवापासनं आमी एका टोकाला फास अन् दुसऱ्याला गाठ ठेवतो. गाठ फासात बसवायची. हिसका बसला की निसटती. दाव्याचं काय, दुसरं करता येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिलिंडर टांगला, धागे मोजले, भिंग लावलं आणि नेमका हाच प्रश्न मला पडला नाही. ज्या वाटेवर आम्ही जाणार होतो तिथं दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्याच होत्या.

शांतव्वांचा हात पदराखाली स्वतःच्या गळ्याशी गेला होता. "गळ्यातलं सुटायसारखं करायचं?" त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात सुटलं तर..." लिंगायतांत इष्टलिंग अंगावेगळं होणं म्हणजे जीव जाण्यासारखं मानतात. त्यांनी सुष्मिताला पर्स घ्यायला सांगितलं आणि दोघी निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

पुढचा आठवडा आम्ही तानाबाईची गाठ करून बघितली. तिचा हात अंबाडीवर बसलेला. अंबाडी खरखरीत, धरून ठेवते. हे नायलॉन गुळगुळीत. कुणाची गाठ शिंकलं तरी सुटायची, कुणाची दोन्ही हातांनी ओढली तरी ढिम्म. "ह्या दोरीला काय इमान न्हाय," असं म्हणून तानाबाईनं तिसऱ्या दिवशी नाद सोडला. मी चिडचिड केली, ह्यांच्यावर, शाळेतल्या मुलींवर, दोरीवर. रविवारी निघायचं होतं आणि सुष्मिताकडे जायचं मला धाडस होत नव्हतं.

शनिवारी दुपारी शांतव्वाच आल्या. मागं सुष्मिता, हातात स्टीलचा डबा. डब्यात बारा दोऱ्या, गुंडाळी करून ठेवलेल्या. बंडलातली बरीचशी दोरी कुठं गेली, ते मला आत्ता कळलं.

मी एक उलगडली. मानेच्या मागच्या बाजूला फास आणि गाठ, तानाबाईनं सांगितलं होतं तसं. पण शांतव्वांनी आतले दोन धागे बाहेर काढून फासावर आडवे गुंडाळले होते, म्हणजे गुळगुळीत गाठीला खरखरीत जागा मिळाली. किती वेढे द्यायचे ते कसं ठरवलं, हे मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आमच्या दुकानातली मापं घेतली," त्या म्हणाल्या. त्यांचं जुनं किराणा दुकान होतं. "एक किलोला धरतंय. पाच किलोला सोडतंय. चार वेढ्यांनी अडकाय लागलं, दोन वेढ्यांनी चालतानाच पडाय लागलं. तीन बरोबर."

"पाच किलोच का?"

त्या डब्यातल्या बाकीच्या दोऱ्या मोजायला लागल्या. सुष्मितानं मला स्वयंपाकघरात नेलं. "मापं नंतर लावली, बाई. आधी सगळं स्वतःच्या गळ्यात घालून बघितलं. रोज दुपारी, खिडकीच्या गजाला अडकवून. मी ओरडले तर मलाच दटावलं."

बाहेर येऊन मी बघितलं. शांतव्वांच्या मानेवर, शिवदाराच्या वरच्या बाजूला, दोन-तीन लालसर वळ होते. शिवदार आपल्या जागी होता, इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीसकट.

त्यांनी सुष्मिताला समोर उभं केलं. बारातली एक दोरी निवडून गळ्यात घातली, शिट्टी सरळ केली आणि पुढून जोरात हिसका दिला. दोरी निसटून त्यांच्या हातात आली. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा हिसका दिला. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी मागून ओढलं आणि दोरी सुटून सतरंजीवर पडली तशी त्यांनी मोठा श्वास सोडला. वाकून ती उचलली, पदरानं पुसली आणि सुनेच्या गळ्यात घालून मागं गाठ बसवली.

"कुटं अडकलीस तर ओढून मोकळी हो," त्या म्हणाल्या. "दोरी ऱ्हायली जाळीत तर ऱ्हाऊ दे. शिट्टीबी ऱ्हाऊ दे. तू ये."