चालत्या व्हॉल्व्हला हात लावू नये

त्या घराचा कुलाचार एकच होता: चालत्या वस्तूला हात लावायचा नाही.

थोरल्या सुनेने तो अनेकदा मोडू पाहिला. माडीवरच्या न्हाणीघरातला नळाचा सांधा पाझरतो आहे, जिन्यातला मुख्य व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे कुणी फिरवलेला नाही, प्लंबरला एकदा दाखवून घ्या, असे ती दर उन्हाळ्यात सांगे. तिचा स्वार्थ उघड होता. न्हाणीघराच्या बरोबर खाली सासूबाईंची खोली. तिथे ओल शिरली, तर दम्याने बेजार म्हातारीला हलवायला कोरडी जागा एकच होती: जिन्यालगतची सुनेची अभ्यासिका. एवढ्या घरात तिचे म्हणावे असे तेवढेच.

"वहिनी, सांधा गळतोय की तुमची कटकट?" धाकटा दीर विचारी. नवरा वर्तमानपत्रामागे हसे. मग छतावरच्या डागावर रंगाचा हात फिरे आणि दोघे बंधू, रोग बरा केल्याच्या समाधानात, जेवायला बसत.

एका दुपारी सांधा सुटला. दीर पाना घेऊन व्हॉल्व्हकडे धावला. जोर लावताच गंजलेली चावी मोडून त्याच्या हातात आली.

"अरे, हा तर फिरतच नाही!" जणू व्हॉल्व्हनेच घराण्याशी दगा केला होता.

गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी सासूबाईंच्या खोलीत उतरत राहिले.

"आईला तुझ्या खोलीत न्यावं लागेल," नवरा म्हणाला. "तू काय, कुठंही बसून वाचतेस."

पुस्तके तिने स्वतःच उचलली. वादापेक्षा ते ओझे हलके होते.

प्लंबरने नवा व्हॉल्व्ह बसवला. "झालं ना मनासारखं?" दीर म्हणाला. "आता कुणी हात लावू नका बरं."

पुढच्या रविवारी तो आंघोळीला गेला. गाणे रंगात आले, साबणाचा वास जिन्यात उतरला. थोरलीने व्हॉल्व्ह बंद केला. लोण्यासारखा फिरला.

"वहिनी! पाणी गेलं! डोळ्यांत साबण आहे!"

"देखभाल चाललीय, भावजी." ती पायरीवर टेकली आणि तिने मांडीवर पुस्तक उघडले. "अधूनमधून फिरवावा लागतो. एवढं पान संपलं की सोडते."

अभ्यासिकेतून खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग सासूबाईंचा आवाज: "तळटिपाही वाच गं."