टीव्हीवर दाखवलेली रजिता

माझी सून रजिता वीज खात्यात खांबावर चढायचं काम करायची. त्या दिवशी पेद्दपल्लीच्या बाहेर तिचा जोडीदार ओदेलू वर चढला होता, ती खाली उभी होती. लाइन बंद केल्याचं सबस्टेशनातून कळवलेलं, तरी तिथल्या ऑपरेटरनं मध्येच वीज सोडली. ओदेलू तारेला चिकटला. रजितानं फोनवर ओरडून वीज बंद करवली, त्याला दोरानं खाली घेतलं, किती वेळ त्याची छाती दाबत राहिली. तो गेला.

संध्याकाळी चॅनेलवाला दारात हजर. रजिता म्हणाली, "वीज कुणी सोडली ते विचारा ना!"

त्यानं विचारलं, "परक्या पुरुषाबरोबर दिवसभर फिरता, नवऱ्याला चालतं?"

"अरे, माणूस मेलाय तिथे," मी म्हटलं, "तुला हिच्या नवऱ्याचं काय पडलंय?"

टीव्हीवर ऑपरेटरचं नावसुद्धा आलं नाही. दिसली ती रजिता, गेल्या वर्षीच्या बतुकम्माच्या सणाला जरीची साडी नेसून बायकांबरोबर फुलांभोवती नाचणारी. खाली लाल पट्टी: 'तिचा नाच, त्याचा घात?' पुन्हा पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी ती ओदेलूच्या मातीला गेली, तर त्याच्या बायकोनं, सम्मक्कानं, तिला दारातूनच हाकललं.

पुढे चौकशीत ऑपरेटर दोषी ठरला. रजिता चॅनेलच्या कचेरीत गेली. संपादक गोड बोलला, "ते आता शिळं झालं, अम्मा. महिला दिनाला या, तुमच्यावर छान कार्यक्रम करू. साडी नेसून या मात्र."

खात्यानं तिला बिलाच्या खिडकीवर बसवलं. रांगेतले लोक मोबाइलवर तो नाच काढतात, मग तिच्याकडे बघतात.

शेवटी मीच सम्मक्काकडे गेले. चौकशीचं सगळं सांगितलं. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं.

"अत्तम्मा, तुम्ही खोटं कशाला सांगाल? पण मी डोळ्यांनी बघितलंय. माझा माणूस तारेला लटकला होता आणि ती नाचत होती."

"अगं, ते मागच्या वर्षीचं!"

"मग त्याच दिवशी कसं दाखवलं?"

घरी आले. रजिता तांदूळ निवडत होती.

"काय म्हणाली?"

"घरी नव्हती," मी म्हटलं.

"बरं. मग रविवारी मी जाऊन येते."