चौकीदाराची आई

चौकीदाराने बाज आजही अंगणात ओढली आणि थेट रस्त्याच्या कडेला नेऊन लावली. वर उशी ठेवली, खाली पाण्याचा तांब्या. त्याची आई, साऱ्या वस्तीची मावशी, उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती.

"मी काय मोडीत काढलेलं भांडं आहे? आल्यागेल्याने बघून जावं म्हणून रस्त्यावर मांडतोस?"

"ऊन चांगलं असतं, आई. घरात ओल आहे."

"ओल तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. तेव्हा नाही आई आठवली ती!"

एरवी त्याने एकाला दोन शब्द परत केले असते. मायलेकांचं भांडण ही वस्तीची फुकटची करमणूक होती. पण हल्ली तो बोलतच नव्हता. त्याने तिचा दंड धरला, बाजेपर्यंत आणलं, बसवलं, पाठीमागे उशी सरकवली आणि काठी उचलून धरणाकडे निघून गेला. जन्मात ज्याने आईला कधी पाणी विचारलं नाही, त्याचं हे लाडाकोडाचं वागणं मावशीला शिवीसारखं लागत होतं. त्यात सून शाळा चालू असताना पोरांना घेऊन माहेरी गेलेली, सासूला एका शब्दाने न विचारता. घरात म्हातारी आहे की खुंटी, हे तरी कुणी बघावं!

धरण घरांच्या मागेच होतं. धरण म्हणायचं एवढंच. मातीचा लांबट बांध तो, या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जायची. पण खालची सगळी शेतं त्याच्या पाण्यावर होती, आणि शेतं नि बांध यांच्यामध्ये ही वस्ती, चुलीला टेकून मांजर बसावं तशी बसलेली. मावशीचा नवरा या धरणावर चौकीदार होता. त्याच्यामागे मुलगा लागला. वस्तीत मावशीचा शब्द चालायचा तो त्यामुळे, आणि उरलेला तिच्या जिभेमुळे.

शेजारची शिंपीण शिवायचं कापड खांद्यावर टाकून चालली होती. बाज बघून ती थांबली.

"काय महाराणी! आज पण दरबार?"

"दरबार आहे ग. प्रजाच फाटकी मिळालीय, तिला ठिगळं लावायला तू आहेस."

शिंपीण खळखळून हसली. "बसा हो, बसा. तुम्ही अशा बसलात की जिवाला बरं वाटतं. परवा आमचे हे मागे लागले होते, धरणाखालचं पाणी गढूळ येतंय, थोडे दिवस भावाकडे जाऊ म्हणून. मी म्हटलं, डोळे आहेत की बटणं? चौकीदाराची आई उन्हात पाय पसरून बसलीय. धोका असता तर लेकाने पहिली तिला नसती हलवली?"

"मग! माझा लेक आहे तो," मावशी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून सवयीने निघालं. शिंपीण आपल्या दारात पोचली, मशीन सुरू झालं, आणि मग कुठे मावशीच्या डोक्यात तो दुसरा शब्द शिरला.

गढूळ.

बांधाच्या पायथ्याशी एक झरा होता. बायका तिथे भांडी घासत. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्यात भ्यायचं काही नसतं, हे वस्तीतल्या कुणालाही ठाऊक होतं. पाणी नितळ आहे तोवर ते नुसतं पाझरतं. गढूळ झालं की समजायचं, आतून माती खायला लागलंय. गुडघे धरल्यापासून मावशी तिकडे फिरकली नव्हती. आज ती उठली. भिंतींना हात लावत, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत ती घरामागे गेली.

झरा कोरडा होता. दगडांच्या फटीत सिमेंट भरून वर थापीने गुळगुळीत केलं होतं, स्वयंपाकघराचा ओटा करावा इतकं नीट. मावशी बघत राहिली. मग तिला बुडबुड आवाज ऐकू आला. थोड्याच अंतरावर, गवतात, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे ते जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. भोवती बारीक मातीचं कडं साचलं होतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. तिने वाकून हात घातला. बोटांमध्ये रेव आली.

चौकीदार बांधावरून उतरत होता. आईला बघून त्याची पावलं मंदावली.

"ते कुणी लिंपलं?"

"मी."

"का?"

"साहेब बघायला येणार होते. निरोप आला, कुठे ओल दिसता कामा नये. लिंपून टाकलं. साहेब बघून खूश झाले." त्याने काठीने गवत बाजूला केलं. "मग पाण्याने ही वाट काढली."

"अरे, नाक दाबलं की तोंड उघडणारच! फोड ते. आणि धरणाचं पाणी सोड खाली."

"फोडून काही होत नाही आता. आणि पाणी सोडायचं चाक गंजलंय. मी, दोन गडी, सगळे लटकून झालो. कळवलं आहे वर. म्हणतात, माणूस पाठवतो. तोवर बोभाटा करू नकोस. पळापळ झाली, कुणी चिरडलं गेलं, तर तुझी नोकरी जाईल."

मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं. दाढीचे खुंट वाढले होते, डोळे आत गेले होते. लहानपणी काही फोडलं की तो असाच उभा राहायचा, पायाने माती उकरत.

"सून रुसून नाही गेली तर."

"पोरं लहान आहेत, आई."

ती थांबली. तो आणखी काही बोलेल म्हणून थांबली. त्याने वाकून तिच्या लुगड्याच्या काठाला लागलेला चिखल हाताने पुसला.

"ऊन वर आलंय," तो म्हणाला. "जाऊन बस बाजेवर."

मावशी घरात गेली. दोन लुगडी एका फडक्यात बांधली, गाठ मारली आणि बोचकं काखेत धरून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"उठा!" ती ओरडली. "पोरं घ्या नि टेकडीवर चला. धरण फुटतंय!"

मशीन थांबलं. शिंपीण दारात आली. समोरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता, त्याने मान वर केली. आधी बोचक्याकडे बघितलं, मग शिंपिणीकडे.

"यंदा लवकर?" तो म्हणाला.

सगळे हसले. मावशी वर्षाकाठी एकदोनदा असंच बोचकं बांधून टेकडीवरच्या बहिणीकडे निघायची, आणि दिवे लागायच्या आत परत यायची.

"सून गेली, आता सासू. चौकीदाराच्या चुलीत मांजर व्यायलं म्हणायचं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे मेल्यांनो, थट्टा नाही करत! स्वतः बघून आलेय. माती येतेय पाण्यात."

"मागच्या खेपेला छप्पर कोसळत होतं," शिंपीण लाडाने म्हणाली. "आणि निघालं काय? सुनेने भाजीत मीठ जास्त घातलं होतं."

मावशीने तोंड उघडलं. या जिभेच्या जोरावर तिने दिराला घर सोडायला लावलं होतं, मुकादमाला रडवलं होतं. आता ती शब्द शोधत होती आणि एकही असा सापडत नव्हता जो तिने यापूर्वी कोंबडीसाठी, वाळवणासाठी, सुनेच्या उलट बोलण्यासाठी खर्चून टाकला नव्हता. घर बुडालं, गळा कापला, आता मी मरते. सगळे वापरून झाले होते.

"लेकाची शपथ घेते," ती शेवटी म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की पंक्चरवाल्याचं हसू जरा मावळलं.

"शपथ कशाला? लेकच आला बघा," शिंपीण म्हणाली. "काय हो चौकीदार, फुटतंय का धरण?"

चौकीदार घराच्या कोपऱ्याशी उभा होता. वस्तीतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. शिंपिणीचा हात दारावर होता. पंक्चरवाला ट्यूब सोडून अर्धा उठला होता. एक शब्द पुरला असता. चौकीदार पायाने माती उकरायला लागला.

"काही नाही," तो म्हणाला. "आईचा राग आहे. उतरेल."

पंक्चरवाला पुन्हा टेकला. "बघा! उगाच घाबरवलंत." शिंपीण आत गेली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं.

टेकडीची वाट मोकळी होती. तिला कुणी अडवत नव्हतं. मावशी त्या वाटेकडे बघत राहिली. गेली तर म्हातारी रुसली, बसली तर धोका नाही. तिसरं काही या लोकांना दाखवायला तिच्यापाशी उरलं नव्हतं. ती हळूहळू चालत शिंपिणीच्या दारापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. चौकीदार मागोमाग आला. बोचकं घ्यायला त्याने हात पुढे केला. तिने ते दिलं नाही.

"घरी चल, आई."

"पोरांना पाठवलंस, त्याला नाव ठेवत नाही," मावशी म्हणाली. तिला आवाज चढवायची गरज पडली नाही. "पण मला रस्त्यावर बसवून तू या सगळ्यांना झोपवलंस. आता धरणावर जायचं नाही आणि बायकोकडेही जायचं नाही. इथे बस, माझ्या शेजारी. पाणी येईल तेव्हा हे तुझ्याच तोंडाकडे बघतील. तेव्हा तू समोर असायला हवास."