क्रौंचांना घातलेली हाक

पेइप्सी सरोवराच्या काठावरून क्रौंच निघाले की गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, "वाट चाकासारखी!" चाक फिरून जागेवर येतं, तसं गेलेलं माघारी यावं म्हणून. कुणी हाक घालायला विसरलं, तर म्हातारी माणसं त्याला चांगलं फैलावर घेतात.

उल्याना तर पक्षी मोजायच्याच कामावर. शरदात रोज सकाळी कांद्याच्या वाफ्यांपलीकडे, पाण्याच्या काठाशी दुर्बीण लावून उभी. पण नवरा, नाझार, मासे धरायला गेला आणि ना नाव सापडली ना तो, तेव्हापासून तिची हाक क्रौंचांसाठी राहिलीच नव्हती. सासू स्तेपनीदाही शेजारी उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडायची. मेलेल्यांची प्रार्थना लेकासाठी म्हणू देईल तर ती स्तेपनीदा कसली!

यंदा उत्तरेचा वारा सुटला, शेतांतून थवे उठले. उल्यानाने छातीत श्वास भरला, तोच सासूने तिच्या तोंडावर हात दाबला.

"गप! यंदा हाक नाही घालायची."

"अहो आई, काय बोलताय हे?"

"जाऊ दे गं त्याला. रोज येतो, चुलीपाशी बसतो. नुसता निथळत असतो. दात वाजतात त्याचे, ऐकवत नाही मला."

उल्याना तिच्याकडे वळली. "तुम्हालाही ऐकू येतं?"

"म्हणजे तुलाही? आणि बोलली नाहीस, घुमी कुठली!"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"काय बोलू? पोटच्या पोराला मीच हाका मारमारून त्या गार पाण्यातून उठवते, हे सुनेला सांगू? आज गप्प राहिलो तर सुटेल बिचारा."

दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या. थव्यांमागून थवे डोक्यावरून गेले. उल्याना मोजायचंही विसरली. आता तो कधीच येणार नव्हता, भिजलेलासुद्धा नाही. तिने ओठ दातांखाली धरला. शेवटचा थवा पाण्यावर बारीक होत गेला, त्यातला एक मागे पडलेला पक्षी ओरडत होता.

म्हातारीने हात हिसडून सोडवला. गुडघाभर पाण्यात धावली.

"वाट चाकासारखी! नाझार, माझ्या बाळा, वाट चाकासारखी!"

उल्यानाला संताप यायला हवा होता. आला नाही. लाज वाटावी इतका आनंद झाला तिला. सासूला ओढत ती घरी घेऊन आली, चुलीत लाकडं जरा जास्तच सारली आणि नाझारचा लोकरी सदरा शेकायला टांगला.